आई रंगमंचावर चढली तेव्हा

माझी लेक परभणीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तिनं एका नृत्यनाट्यात काम घेतलं. शेतात राबणाऱ्या बायकांवर होतं ते. सव्वा तासाचं, आणि त्यात एकही वाक्य नव्हतं. फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "बोलणं नाही तर नाटक कसलं? सरळ नाच म्हण की." पण प्रयोगाच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तेच सगळ्यांच्या आधी तयार झाले.

आईला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. तिचे गुडघे दुखतात, एसटीची पायरी तिला चढवत नाही. शिवाय तिला हळू बोलता येत नाही. शेतात एका ओळीतून दुसऱ्या ओळीतल्या बाईला हाक मारून बोलायची सवय. चार भिंतींत तिचा आवाज मावत नाही. मी शाळेत शिक्षिका आहे, चारचौघांत कसं बसायचं ह्याचं मला फार असतं. पण आई पांढरं लुगडं नेसून दारात उभीच होती. "नात नाचणार अन् मी घरी बसू का?" म्हणाली.

सोनपेठहून सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. परभणीला स्टँडजवळ जेवलो आणि तीन वाजता सभागृहात जाऊन बसलो. तिसरी रांग. आईला मधे घेतलं, म्हणजे एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं मिस्टर तिला आवरू शकू. पडदा उघडल्यावर ती अगदी गप्प बसली. पेरणी झाली, खुरपणी झाली, एक बाळंतपण बांधावरच झालं. आईनं नाकाला पदर लावला. मला बरं वाटलं.

मग कापूस वेचायचा प्रवेश आला. आठ मुली, माझी लेक डाव्या कडेला. संगीत एकदम थांबलं आणि त्या शांततेत त्यांनी दोन बोटांनी, मनगट वळवून, हवेतून एकेक बोंड उचललं. दिसायला सुंदर होतं. आणि आई म्हणाली, "अगं माय, असं येचतेत का कापूस? फुलं तोडायल्यात ह्या तं!"

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मागं कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. माझ्या लेकीचा हात मधेच थांबला, ती एक ठेका चुकली आणि तिची मान खाली गेली. मी आईचा दंड धरला. "गप बस गं," असं म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पुढचा अर्धा तास मला काही दिसलं नाही. आईही समोर न बघता स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

प्रयोग संपल्यावर लेक मेकअपसकट खाली आली. "मम्मी, आज्जीला कशाला आणलंस?" एवढंच म्हणाली. डोळे भरलेले. तिच्या मागोमाग नृत्य बसवणाऱ्या बाई आल्या, तिशीच्या असतील. आईसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले.

"आजी, तुम्हीच बोललात ना?"

"जयभीम," आई म्हणाली. "चुकलं माय. तोंडातून निघून गेलं."

"आमचं काय चुकलं ते दाखवाल का?"

"मला नाचता येत न्हाई."

"नाचू नका. कापूस वेचा."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणणार होते, पण तोवर मिस्टरांनी तिचा हात धरून तिला पायऱ्यांपाशी नेलं होतं. निम्मे लोक निघून गेले होते, निम्मे थांबले. आई रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली, पदर पुढं घेऊन कमरेला त्याची ओटी खोचली आणि विचारलं, "झाड कुठं हाय?"

बाईंनी सगळ्या मुलींना वर बोलावलं आणि माझ्या लेकीला पुढं ढकललं. "हे झाड."

लेक रुसलेलीच होती, तरी हात पसरून उभी राहिली. आई वाकली आणि सुरू झाली. दोन्ही हात एकाच वेळी, पाची बोटं बोंडात, एक झटका, मूठ भरली की ओटीत. नजर हातावर नाहीच, पुढच्या बोंडावर. लेकीच्या खांद्यावरून, कोपरावरून, कमरेजवळून तिनं कापूस वेचला, मग पुढं सरकून दुसऱ्या मुलीला झाड केलं, मग तिसरीला. मुली बघून करायला लागल्या, पण त्यांना तो वेग काही जमेना.

"वाळल्या पानाची पातरी येऊ देऊ नका, कापूस घाण होतोय," ती म्हणाली. "अन् एवढं ताठ उभं राहून कुठं जमतंय? कंबर मोडा जरा."

मुली हसल्या. लेकही हसली.

मी लहानपणी बांधावर धाकट्या भावाला सांभाळत बसायचे. आई तेव्हा दूरच्या ओळीत असायची, वाकलेली पाठ तेवढी दिसायची. तिचे हात काय करतात हे मी पहिल्यांदा त्या दिवशी, पन्नाशीला टेकल्यावर, नीट पाहिलं. नोकरी लागल्यावर मीच तिला सांगितलं होतं, माझ्या शाळेतल्या लोकांपुढं मजुरीचं काही काढू नकोस म्हणून. तिनं कधी काढलं नव्हतं. परतताना गाडीत मी तिला म्हटलं, "तुझा दंड जोरात धरला मी." ती म्हणाली, "दुखला न्हाई." आणि खिडकीला डोकं लावून झोपली.

पुढचा प्रयोग पूर्णेला होता. आई आली नाही, गुडघा सुजला होता. लेकीनं तो प्रवेश मोबाईलवर आणून दाखवला. सगळ्या मुली वाकलेल्या, दोन्ही हात चालू. आईनं फोन लांब धरून दोनदा बघितलं.

"आता कापूस वाटायलाय," ती म्हणाली. "पण ती कडेची पोरगी लय मागं राहायलीय."

"ती मीच आहे, आज्जी," लेक म्हणाली.