बोरसेबाईंचा रविवार

शेजारच्या पटेलकाकांकडे माझ्यासाठी फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातांनी धावले. "बोरसेबाई गेल्या," एवढंच पलीकडून ऐकू आलं. बाईंच्या घरून आलेला फोन इतक्या लवकर कधी संपायचा नाही, म्हणून मी बराच वेळ तो कानाशी तसाच धरून उभी राहिले...

गुजरातेत, लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत बाई नववी-दहावीला शिकवायच्या. दर रविवारी सकाळी मुलांना आपल्या घरी जमवायचं आणि तिथून कुठे ना कुठे सेवेला धाडायचं, हा त्यांचा नाद. काम शोधून द्यायची तऱ्हा मात्र जगावेगळी. मार्कबिर्क काही बघायच्या नाहीत. "घरी कशावरून बोलणी खाता, ते सांगा," म्हणायच्या. अखंड बडबडणारी सुनंदा नजर अधू झालेल्या एका आजोबांना पेपर वाचून दाखवायला गेली. दिसेल ते खोलून बसणारा गणेश अनाथाश्रमातली मोडकी खेळणी जोडायला. माझी पाळी आली. "बाई, मी नको तेवढ्या चौकशा करते." वर्ग खो खो हसला, बाई मात्र खूश! भेस्तानला एका ट्रस्टचा दवाखाना रविवारी मोफत चालायचा. डॉक्टर गुजराती, पेशंट निम्मे खानदेशातले. "तिथे पेशंटना बोलतं करायला तुझ्यासारखीच हवी होती," त्या म्हणाल्या. मी कुणाला तरी कुठेतरी हवी आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. काही झालं तरी जायचंच, असं मी ठरवून टाकलं.

घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ नाही म्हटलं. रविवारी मी आईबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसायची. "फुकटमा काम कोन करस?" ते कडाडले. मी रडून घर डोक्यावर घेतलं, उपयोग शून्य. शेवटी बाईच घरी आल्या. चहा घेतला, आप्पांच्या गावची ख्यालीखुशाली विचारली आणि उठता उठता म्हणाल्या, "आईतवारले तुम्हीबी चला, भाऊ. नही पटनं ते पोरले घर लई जा."

रविवारी आप्पा आले ते हाताची घडी घालून, मला परत न्यायच्या तयारीने. पारोळ्याकडचे एक बाबा डॉक्टरांपुढे गप्प बसले होते. औषध चालू होतं, पण खोकला हटत नव्हता. मी शेजारी बसून माझ्या चौकशा सुरू केल्या... कुणाकडे उतरलात, जेवण कोण करतं, गावी कोण असतं? गावी म्हातारी आहे, तिलाही खोकला आहे, म्हणून निम्म्या गोळ्या तिच्यासाठी राखून ठेवतो, असं बाबांनी लाजत सांगितलं. मी ते सांगताच डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. आप्पांना मात्र राहवेना. "काय बाबा, अशी दवाई वाटतस का?" म्हणत ते जे बाबांजवळ येऊन बसले, ते दवाखाना बंद होईपर्यंत उठलेच नाहीत. पुढच्या रविवारी माझ्याआधी त्यांच्याच पायात चपला. मला बोलायला मिळेना, अशी तक्रार मी बाईंकडे केली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

बाई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आप्पा आणि मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत मुलं नेहमीसारखी जमली होती, पण सगळी मान खाली घालून. मी त्यांच्यात बसले आणि मला रडू आवरेना. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि एकदम रागावल्यासारखे म्हणाले, "बाई गई, आईतवार थोडाच गया? उठा!"

मुलं उठली. बघता बघता खोली रिकामी झाली, दर रविवारी सकाळी मुलं कामाला पांगली की व्हायची तशी.