कापसाच्या गंजीकडची कूस

सिस्टरनी खरजेच्या लोशनची तिसरी बाटली वनिताच्या हातात ठेवली. तिची सासू दारातूनच म्हणाली, "हे जाईस्तोवर पोरगी तुह्याजवळ देत नाही."

पाच महिन्यांची ती पोर आजीच्या कडेवर रडत होती. पाजण्यापुरतीच आईकडे यायची. वनिता एका हातानं डोळे पुसायची, दुसऱ्यानं मान खाजवायची.

मी राळेगावकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचर होते. झाडायचं, पाणी भरायचं, ड्रेसिंगचं सामान उकळायचं. शिक्षण चौथी. सिस्टरपुढे माझं तोंड उघडत नसे. पण खरूज आधी बोटांच्या बेचक्यांत दिसते, हे मी रोज बघत होते. वनिताची बोटं स्वच्छ होती. पुरळ होतं फक्त मानेवर आणि उजव्या दंडावर.

हळूच विचारलं, कोणत्या कुशीवर झोपतेस?

"उजव्या. कापसाकडच्या."

त्या वर्षी भाव पडले म्हणून घराघरांत कापूस आढ्यापर्यंत रचलेला. उन्हाळ्यापर्यंत त्यात बारीक किडे झाले होते, आणि अंथरुणं गंजीला लागूनच. पुरळ त्या किड्यांच्या चाव्याचं, असं मला वाटलं.

सिस्टरना सांगायचं धाडस झालं नाही. मी तिला तुरटी दिली. कच्चं केळं खाल्लं की जीभ आखडते, तशी तुरटीच्या पाण्यानं वरची कातडी आखडते. पाझर थांबतो, खाज निवते. पण पाण्यात तुरटी मी जास्त घातली आणि खाजवून सोललेल्या जागीही त्यात भिजवलेली पट्टी ठेवली. वनिता कळवळली. बाकी अंग निवलं, दुपारी झोपलीही. सकाळी पुन्हा तेच.

दोन दिवस जिवाला चैन नव्हती. तिसऱ्या दिवशी वनिता आली तेव्हा सिस्टरनी पट्टी पाहिली.

"डॉक्टर झालीस का गं तू?"

जमिनीकडे बघत मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी वनिताची बोटं उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, "आजपासून ओसरीवर झोपायचं. कपडे गरम पाण्यात. तुरटी हरभऱ्याएवढी, तांब्याभर पाण्यात, आणि सोललेल्या जागी नाही." वर खाजेवरचं गुलाबी कॅलामाइन लोशन दिलं.

कापसाजवळ राखणीला मग सासू झोपू लागली.

आठवड्यानं दोघी आल्या. पोर वनिताच्या मांडीवर झोपलेली. सासू पाठ दाराच्या चौकटीला घासत होती.

"मलेबी दे वं ते गुलाबी."

तुरटी कातडीपुरती. अंथरूण हलवायचं तर कुणीतरी बोलावं लागतं. मी बोलायला दोन दिवस लावले, तेवढे दिवस ती पोर आजीच्या कडेवर रडली.