आपाचे रोजे आणि माझी किडनी

डॉक्टरांचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हता. "सोबत कोण आलंय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही, मोटारसायकलवर आलोय. ते म्हणाले, "मग मोटारसायकल इथंच राहू द्या आणि घरी फोन करा."

मला रागच आला. देवळाली प्रवऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. उसाचं पाणी तुटलं की शेतकरी डोक्यावर येऊन बसतो. त्या दिवशीही उघडी मोटार तशीच टाकून नगरला आलो होतो. पाय सुजतात, तोंडाला चव नाही, एवढीच तक्रार. वाटलं होतं, पित्त असेल.

डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन अकरा आहे. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. तो आकडा साधारण सव्वाच्या आत असावा लागतो. माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या आणि कारण काय, तर ब्लडप्रेशर. कित्येक वर्षं ते वाढलेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, हा माझा खाक्या. तुमच्यापैकी कोणी असं करत असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी बीपी मोजून या.

लगेच डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे शरीरातलं रक्त नळीतून मशीनमध्ये न्यायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. आठवड्यातून तीन वेळा. त्यासाठी मानेत एक नळी बसवली, तिला कॅथेटर म्हणतात. पाणी मोजून प्यायचं, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. काही महिन्यांत लघवी पार बंद झाली. लोकांना हे सांगायची लाज वाटते. मलाही वाटायची.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, सब्र करो, शुक्र करो, म्हणजे धीर धर, आभार मान. आम्ही मुसलमान माणसं, सुखात आणि दुःखात अल्लाचा शुक्र करावा हे लहानपणापासून ऐकलेलं. पण कशाचा शुक्र करू? चाळिशी पुरती उलटली नव्हती, दुकानाला कुलूप होतं, घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस व्हायचा. आमचे हमीदचाचा, म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, एकदा म्हणाले की अस्लम, यापेक्षा वाईट झालं असतं, शुक्र कर. माझं डोकं सटकलं. म्हटलं, चाचा, तुमची एक किडनी द्या, मग तुमच्या वाटचाही शुक्र मीच करतो. चाचा चहा अर्धा टाकून उठले.

डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सुचवलं होतं, म्हणजे दुसऱ्याची किडनी मला बसवायची. अम्मी-अब्बा राहिले नाहीत. माझी बायको शबाना लगेच तयार झाली, पण तिला शुगर आहे, त्यामुळे डॉक्टरांनी तिला पहिल्या झटक्यात बाद केलं. राहिली माझी थोरली बहीण, रजिया आपा. ती खर्ड्याला दिलेली. इतकी वर्षं तिकडं राहून तिची बोली अशी झालीय की आम्ही घरात दखनी बोलतो आणि ती आमच्याशीही मराठीतच बोलते. एसटीनं आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझी काढा." दुल्हेभाईंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, विचारलंस का, तर म्हणे सांगून आलेय.

तपासण्या झाल्या. शेवटची क्रॉसमॅच. तिचं आणि माझं रक्त एकत्र करून भांडतात का ते बघतात. आम्ही दोघं आयुष्यभर भांडत आलो, रक्त मात्र गप्प राहिलं. जुळलं.

मग चाचा परत आले. माझ्यावरचा राग धरून नव्हे, खऱ्या काळजीनं. त्यांचं म्हणणं, शरीर ही अल्लाची अमानत आहे. आपण तिचे मालक नाही. मालकीची नाही ती वस्तू दुसऱ्याला कशी द्यायची? हिशेबाच्या दिवशी विचारलं तर काय सांगणार? आपा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगीन, अस्लमकडं ठेवलीय. त्याला इचारा."

ती असं बोलली खरी, पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. आपण जगावं म्हणून बहिणीला गुन्ह्यात ओढतोय का? डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर कदम मास्तर असायचे. त्यांच्या घरात कोणाचंच जुळलं नव्हतं. मेंदू मृत झालेल्या एखाद्या माणसाची किडनी मिळेल म्हणून त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. त्यांनी मला सरळ विचारलं, तुमच्या लोकांत मेल्यावर देतात का हो? मला सांगता येईना. स्वतः घ्यायला निघालो होतो आणि उत्तर माहीत नव्हतं.

आमच्या मशिदीचे मौलाना माझ्याहून वयानं लहान आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं नाही. म्हणाले, आलिमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये, यावर मतभेद आहेत. काही जण चाचांसारखंच मानतात आणि त्यांची नियत वाईट नाही. पण जिवंत माणसानं राजीखुशीनं द्यावं, विक्री नसावी, देणाऱ्याच्या जिवाला धोका नसावा आणि दुसरा इलाज उरलेला नसावा, या अटींवर पुष्कळ आलिम परवानगी देतात. मेल्यानंतरच्या दानावर मतभेद जास्त. मय्यतीची बेअदबी होते असं काही म्हणतात, तर जीव वाचत असेल आणि मरणाऱ्याची मर्जी असेल तर चालतं असंही म्हणणारे आहेत. स्वतः ते चालतं म्हणणाऱ्यांपैकी होते. शेवटी म्हणाले, "देणाऱ्याच्या जिवाला धोका नसावा, ही अट तेवढी विसरू नका." मी हो म्हणून निघालो. तेव्हा वाटलं, ते डॉक्टरांचं काम आहे.

ऑपरेशन पुण्याला होणार होतं. त्याआधी आपाच्या तपासण्या पुन्हा झाल्या. उन्हाळा रखरखत होता. आपा खर्ड्याहून काळवंडून, ओठ फुटलेल्या अवस्थेत आली. शेतात कांदे काढायचं काम चालू आहे, म्हणाली. रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला तिघांना आत बोलावलं.

आपाचं क्रिएटिनिन वाढलं होतं. आधी पॉइंट आठ होतं, आता दीडच्या जवळ. डॉक्टर एकेक शब्द सावकाश बोलले. "भावाला वाचवायला बहिणीला आजारी पाडायचं, हे मी करणार नाही. ताई, तुम्ही भरपूर पाणी प्या. दोन-तीन आठवड्यांनी परत बघू. तेव्हाही असंच असेल तर तुमची किडनी घेता येणार नाही."

गाडीत बसून घरी निघालो. मला स्वतःची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की आपालाही माझाच आजार आहे. एकाच आईबापाची लेकरं आम्ही. आपा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच घाबरलेपण बघितलं.

त्यातच मानेच्या नळीत इन्फेक्शन झालं. डायलिसिस चालू असताना थंडी वाजायला लागली, अशी की दात वाजायचे आणि खुर्ची हलायची. नळी काढली, दुसरीकडे घातली, ॲडमिट केलं, सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. डॉक्टर शबानाला म्हणाले, असं परत झालं तर रक्तात पसरायला वेळ लागत नाही. ट्रान्सप्लांट जितक्या लवकर होईल तितकं बरं. पण कोणाची किडनी घेऊन?

आपा आमच्याकडेच थांबली होती. शबाना तिच्यासाठी रोज सकाळी पाण्याचा मोठा तांब्या भरून ठेवायची. मी घरी आलो त्या दिवशी तिनं मला हळूच सांगितलं की संध्याकाळी तांब्या तसाच भरलेला असतो. मी आपाला विचारलं, पाणी का पीत नाहीस? तिनं टाळाटाळ केली. पण आपाला खोटं बोलता येत नाही. शेवटी म्हणाली, "रोजा हाय माझा."

तिनं मन्नत मानली होती, म्हणजे नवस बोलली होती. माझी किडनी अस्लमला जुळली तर महिनाभर रोजे धरीन, शुकराण्याचे, आभाराचे. जुळल्याचं कळलं आणि थोड्या दिवसांनी तिनं सुरू केले. भर उन्हात, कांद्याच्या रानात, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरांनी पाणी प्या म्हटल्यावर रात्री काय ते प्यायची आणि दिवसा परत रोजा. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की दिखावा होतो.

मी ओरडलो. काय वाटेल ते बोललो. तुझ्या शुकराण्यापायी मी मरतोय, असंही बोललो. शबानानं मला धरून खाली बसवलं. आपा रडली नाही. म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाई धरले. माझ्यासाठी धरलेत. उभ्या जन्मात मला कुणाला काही देता आलं न्हाई. आता देता यायलंय, त्याचा शुकर हाय ह्यो."

मी तांब्या उचलून तिच्यापुढं ठेवला.

पण रोजा सोडायला ती तयार होईना. अल्लाशी बोललेलं मोडायचं कसं, हा तिचा सवाल होता. ती हट्टाला पेटली नव्हती, खरोखर भ्यायली होती. मन्नत मोडली आणि ऑपरेशन बिघडलं तर, ही भीती. शबानानं मौलानांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, अमुकच महिन्यात धरीन असं ठरवलं होतं का? आपा म्हणाली, न्हाई. "मग मन्नत कुठं मोडतेय, आपा? राहिलेले रोजे तुमच्याकडे बाकी आहेत. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी पुढं सुरू करा. आज तुमच्या शरीराला पाण्याची गरज आहे. ते नाकारणं ही इबादत नाही." मग म्हणाले, "आणि डॉक्टरांपासून लपवायला नको होतं. देणाऱ्याचा जीव सलामत, ही पहिली अट आहे."

आपा भर दुपारी पाणी प्याली. भिंतीकडे तोंड करून, चोरून प्यावं तसं. पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी तिच्याकडे बघत होतो. कोणी माझ्यासाठी इतकं करत असेल हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. कशाचा शुक्र करू म्हणून मी सगळ्यांच्या अंगावर जायचो. त्याचं उत्तर समोर बसून पाणी पीत होतं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते चिडतील वाटलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि नंतर हसले. पण गाफील राहिले नाहीत. पाणी कमी पडल्यानं आकडा वाढलाय की किडनीतच दोष आहे, हे फेरतपासणीशिवाय कळणार नव्हतं. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. आपा दिवसभर पाणी पीत होती आणि मी दिवसभर ती किती पिते ते मोजत होतो. दोघंही एकमेकांवर वैतागलो होतो.

आकडा खाली आला, पुन्हा पॉइंट आठ. तरी डॉक्टरांनी स्कॅन केलं. तिच्या दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते त्यात दिसतं. दोन्ही ठणठणीत होत्या. ज्यांच्या घरात कोणी दाता होणार आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: रोजा, उपास, नवस, काढा, मुळी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. भक्ती लपवावी, पण डॉक्टरांपासून नाही.

पुण्याला हॉस्पिटलच्या परवानगी देणाऱ्या समितीनं आपाला एकटीला आत घेऊन कॅमेऱ्यासमोर विचारलं, कोणाची जबरदस्ती आहे का? ती म्हणाली, "व्हय, माझीच हाय, ह्यांच्यावर." त्यांनी परत नीट विचारलं आणि तिनं परत नीट सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी चाचा बाहेर बाकावर तसबीह, म्हणजे जपाची माळ, फिरवत बसले होते. मला आत नेताना म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही, बेटा. पण दुवा तुम्हा दोघांसाठी करतोय." मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. न पटताही एवढ्या लांब आले होते.

पहिल्यांदा आपाला नेलं, मागून मला. शुद्धीवर आलो तेव्हा पहिला प्रश्न तिचा विचारला. बरी आहे, दुखतंय म्हणून नर्सशी भांडतेय, असं कळलं. तेव्हा खात्री पटली.

कदम मास्तर अजून यादीतच आहेत. मी घरात सांगून ठेवलंय की मी गेल्यावर माझं जे काही कोणाच्या कामाला येत असेल, ते द्यायचं. डोळे तरी नक्की. चाचांना ते चालणार नाही, शबानाला सुरुवातीला ऐकवलं नाही, पण तिनं कबूल केलंय. हे माझं मत आहे. तुमचं तुम्ही ठरवा, तुमच्या मौलानांना, तुमच्या घरच्यांना विचारा, पण गरज पडायच्या आधी विचारा.

शेवटचं एक सांगतो, मग बस. ऑपरेशननंतर काही दिवस लघवीची नळी असते. ती काढली आणि नर्स म्हणाली, आता स्वतः जाऊन या. मी भिंत धरत संडासात गेलो. पार विसरून गेलेली गोष्ट शरीराला आठवेल का, ही धास्ती. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग झाली.

आमच्यात संडासातून बाहेर येताना उजवा पाय आधी टाकतात आणि एक छोटी दुवा म्हणतात. ज्यानं माझा त्रास बाहेर काढला आणि मला आराम दिला, त्याचा शुक्र, असा तिचा अर्थ. लहानपणी पाठ करून घेतलेली. आयुष्यभर ती मी चालता चालता पुटपुटत आलो, कधी तर बिनशब्दाची. त्या दिवशी उंबऱ्यात उजवा पाय टाकला आणि पहिल्याच शब्दानंतर रडायला लागलो. दाराशी आपा उभी होती, पोटाच्या पट्ट्यावर हात धरून. तिनं विचारलं, "झाली?"

मी मान डोलावली. राहिलेली दुवा तिनं पुरी केली.