फुई आणि मोकळी जागा

तोंडातून 'नाही' हा शब्द न काढता अख्ख्या जगाला अडवून धरील अशी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे माझ्या बायकोची फुई. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. नात्यानं ती माझ्या बायकोची आणि मेहुण्याची फुई. पण चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या गावात रांगत्या पोरापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिला फुईच म्हणतात. ऐन तिशीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली. बापानं गावाच्या टोकाला मोठ्या ओसरीचं एक घर आणि थोडी केळीची जमीन दिली, आणि तेव्हापासून गावाला एक जास्तीचं सरकार मिळालं. एकदा एक ट्रॅक्टर विकणारा तिच्या दारात आला. दुसऱ्या कुणी त्याला 'नको' म्हणून वाटेला लावलं असतं. फुई म्हणाली, "घेऊ ना भो. पन पहिले मन्हा बैलसले इचारी ल्या." बिचारा हसला. फुई हसली नाही. तिनं त्याला गोठ्यात नेलं, दोन्ही बैलांपुढे उभं केलं आणि आपण कडबा टाकायला निघून गेली. माणूस रंगीत माहितीपत्रक छातीशी धरून अर्धा तास त्या चार शिंगांपुढे उभा होता. बैलांनी शेवटी काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो पुन्हा त्या गावात दिसला नाही.

तिचा दुसरा नेम असा, की पोटात अन्न पडल्याशिवाय कुणी कामाचं बोलायचं नाही. "पहिले खाई ल्या, मंग बोला," हे वाक्य तिच्या घरात देवाच्या फोटोसारखं कायमचं टांगलेलं होतं. बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ एकदा तिच्याकडे न्याय मागायला आले. फुईनं दोघांना एका ताटापुढे बसवून फुनके आणि कढी वाढली. फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके. फुईच्या हातच्या फुनक्यांत डाळ नावाला आणि हिरवी मिरची जीव तोडून असते. पहिल्या घासाला दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. एकानं दुसऱ्याला पाण्याचा तांब्या दिला. लहानपणानंतर त्यानं भावाला स्वतःच्या हातानं काही दिलं असेल तर ते तेव्हाच. ते जेवून उठले तेव्हा बांधाचा विषय कुणाला काढवेना. माझं लग्न ठरवायला आमची मंडळी गेली होती तेव्हाही आधी हेच ताट समोर आलं होतं. मी रडलो. जावई हळवा आहे, अशी गावाची समजूत झाली ती आजतागायत टिकून आहे.

अशा बाईच्या गावाशेजारचा रस्ता रुंद झाला आणि एका कंपनीनं तिथं पेट्रोल पंप, मोठं हॉटेल आणि दुकानांची रांग बांधायचं ठरवलं. शेतजमिनीचं खरेदीखत आधीच झालं होतं. अडचण एकच होती. हायवेवरून आत यायला वाट हवी होती आणि ती गावाच्या बाजारपट्ट्यातून जात होती. बाजारपट्टा म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेलं पंचायतीचं मैदान. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता. मी जळगावला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो, आणि योगायोग असा की हा नकाशा माझ्याच टेबलावर आला. सासुरवाडीचं गाव म्हणून मालकांनी मलाच कंपनीच्या साहेबाबरोबर पाठवलं. साहेब पुण्याकडचे, वयानं तरुण, स्वभावानं सज्जन आणि पायात इतके चकचकीत बूट की गावातली कुत्री त्यांत वाकून बघत.

पंचायतीत नकाशा पसरला. माझा मेहुणा गावचा सरपंच. तो पहिल्यापासून कंपनीच्या बाजूनं होता, आणि त्याचं खोटं नव्हतं. "फुई, पोरे बठ्ठा सुरतले जातस," तो म्हणाला. बठ्ठा म्हणजे सगळे. "आठे काम भेटनं ते कोन जाई सुरतले?" फुईनं मान हलवली. तिलाही ते पटत होतं. मग तिनं चष्मा लावून नकाशावर बोट फिरवलं आणि एका पांढऱ्या चौकोनावर थांबवलं. त्यात मी सुबक अक्षरांत 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. मेहुण्यानं ते तिला वाचून दाखवलं.

"हाई मोकळी जागा कोनी लिखी?"

"मी," मी म्हणालो.

"जवाईबापू, तुम्ही मंगयवारे या. साहेबले बी आना."

मंगळवार हा गावच्या बाजाराचा दिवस. फुईनं साहेबांना आणि मला आधी खायला घातलं, साहेबांचे डोळे नीट पुसून होऊ दिले, आणि मग त्या मैदानावर पायी फिरवलं. एक एक जागा दाखवायची आणि माझ्याकडून नकाशावर लिहून घ्यायची. इथं डोंगरावरून उतरलेल्या पावरा आदिवासी बाया मध आणि डिंक घेऊन बसतात. इथं मारवाडी शेठच्या दुकानाची कापडाची गाठोडी सुटतात. या निंबाखाली केळी कापणारे मजूर दुपारची भाकरी सोडतात. इथं लग्नाचा मांडव पडतो. इथं मयताला क्षणभर खाली ठेवतात, म्हणजे त्याला शेवटचा बाजार बघता येतो. ही शेवटची जागा लिहिताना साहेबांनी पायातले बूट काढून हातात घेतले. मी बारीक अक्षर काढून काढून दमलो, तरी त्या चौकोनात जागा उरेना. नकाशे काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. आपण कशाला मोकळं म्हणतो हे मला त्या दिवशी एका अंगठेबहाद्दर बाईनं शिकवलं.

मग ग्रामसभा झाली. फुई बोलायला उभी राहिली ती कोपरापासून हात जोडूनच. साहेब, हॉटेल होऊ द्या. पण निम्मी दुकानं गावातल्या लोकांना द्या. निंबाला हात लावू नका. भोंगा वाजवू नका, गायी बिचकून पान्हा चोरतात. कामावर आधी आमची पोरं घ्या. आणि पाटीवर तुमच्या नावाच्या वर आमच्या गावाचं नाव लिहा, कारण येणाऱ्याला आपण कुठं जेवतोय ते कळायला हवं. साहेब प्रत्येक अटीला मान डोलावत गेले. शेवटी त्यांनीच हात जोडले. "आजी, सगळं मान्य. बाजारालाही धक्का लावू नये असं मलाही वाटतं. पण रस्ता कुठून तरी आत यायलाच हवा. बाजारातून नाही, तर कुठून?"

मी मान खाली घातली, कारण दुसरी वाट होती. ती मी ऑफिसात आखून पाहिली होती आणि तो कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला होता.

फुईनं माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, दुसरी वाट शे का? तुम्ही नकाशा काढतस, तुम्हले मालूम व्हई."

मला खोटं बोलता आलं असतं. त्या चष्म्यापुढे ते जमलं नाही. मी कागद काढून तिच्यासमोर उलगडला. लाल रेघ बाजारपट्ट्याला वळसा घालून गावाच्या टोकावरून जात होती, आणि वाटेत एक लहानसा काळा चौकोन होता.

"हाई मन्हं घर शे," फुई म्हणाली.

मेहुणा ताडकन उठला. "नई, फुई! असं व्हवाव नई! गेला खड्ड्यात त्यासना पंप!" आतापर्यंत प्रकल्पासाठी भांडणारा हा माणूस साहेबांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता. फुईनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं. मग ती त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून बसली. गावातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

"मन्हं घर मन्ह्या एकलीनं शे," ती म्हणाली. "बजार बठ्ठासना शे. काढा वाट."

चाळीस वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईला हा निर्णय घ्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी साधी पेन्सिलसुद्धा टोकदार करू शकत नाही. साहेब उठले आणि सगळ्या सभेदेखत तिच्या पाया पडले. ठराव झाला. फुईनं घराच्या बदल्यात बाजारपट्ट्यालगत दोन खोल्या मागितल्या, तेवढ्याच; मेहुण्यानं आपल्या घरी चल म्हणून हजार वेळा विनवलं, पण ती गेली नाही.

आता पंप चालू आहे, हॉटेल चालू आहे. सुरतेहून काही पोरं परत आली आहेत. पाटीवर गावाचं नाव वर आहे. परवा मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा फुईबरोबर त्या नव्या रस्त्याच्या कडेनं जात होतो. एक मोटार आमच्याजवळ थांबली. आत एक कुटुंब होतं. चालवणाऱ्यानं काच खाली करून हॉटेलकडे कसं जायचं ते विचारलं.

"सरळ जा ना बेटा," फुई म्हणाली. "वसरीवरून उजव्या हाते वळी जा."

तो गोंधळून समोरच्या गुळगुळीत डांबराकडे बघत राहिला. "ओसरी? कुठंय ओसरी, आजी?"

फुईचा हात हवेतच राहिला. मीच पुढे होऊन त्याला वळण दाखवलं. मोटार गेली. फुई ती वळेपर्यंत बघत होती आणि ती बरोबर वळली तशी तिनं समाधानानं मान हलवली. मग आम्ही निघालो. रस्ता पुरता रिकामा होता, पण मी अगदी कडेकडेनं, मातीतून चालत होतो. मधून जायला माझा पाय उचलला नाही.