जऊळक्यापर्यंत न पुरणारी बॅटरी

मंडळी, आज मालेगावच्या स्टँडवर पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

डिझेल परवडेना म्हणून गजाननभाऊंनी आपली, स्टँडवर उरलेली शेवटची जीप विकून बॅटरीचा ऑटो घेतला. शेवंतामावशींना आज त्याच ऑटोनं जऊळक्याला जाऊन रेल्वे पकडायची होती. लेकीचं बाळंतपण जवळ आलंय.

"मावशे, रातभर लाइन नव्हती. बॅटरी अर्ध्या रस्त्यात बसन."

"तुह्या जीपनं तं कधी नाही म्हटलं नाही बाप्पा!"

"जीप डिझेल पेत होती. मंग लेकरायनं काय खावं?"

मावशींची रेल्वे चुकली.

सरकार, इंधन महाग करून माणसाला गाडी बदलायला लावता, मग रात्रीची वीज कुठं आहे? वाटेवर चार्जिंग कुठं आहे? मावशी आता उद्याच्या रेल्वेनं जातील. लेकीचं बाळंतपण तोवर थांबेल?