मॅडमच्या बॅगेचं कुलूप

आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. तो विकून झाला, घर झाडून पुसून घेतलं, तरी पुढचे सहा महिने फडताळातून, गादीखालून, कधी देवघरातूनसुद्धा एखादा पुंजका निघतोच. आमच्या क्लबच्या किश्श्यांचंही तसंच आहे. सगळे सांगून झाले असं वाटतं आणि टपरीवर कोणीतरी म्हणतं, "मास्तर, ते व्हिडिओवालं सांगा ना." मग आणखी एक चहा येतो.

क्लब रग्बीचा. होय, बाभुळगावात! इथल्या एका जिनिंगवाल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, सेठजींच्या डोक्यात आलं आणि त्यांनी जिनिंगमागच्या मैदानावर पंचवीस धट्टीकट्टी पोरं पगारावर ठेवली. हेड कोच म्हणून साताऱ्याकडच्या एक मॅडम आणल्या. स्वतः वर्षानुवर्षं खेळलेल्या, भुवईवर टाक्यांची खूण, बोलणं मोजकं.

सेठजींनी पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या. स्टाफ मॅडमनीच जमवायचा, पण माणसं जिल्ह्यातलीच हवीत. आणि दुसरी माझ्यासमोरच सांगितली, "पयला सामना आपल्याच मैदानावर हाये. तो झाला का सांगतो, तुमी राह्यता का जाता."

त्यामुळे मॅडमनी क्लबच्या खोलीत बॅग उघडून सामान लावलंच नाही. बॅगेला एक पितळी कुलूप होतं. रोज सकाळी बॅगेतून लागतील तेवढे कपडे घ्यायचे आणि पुन्हा कुलूप लावायचं. मी दोनदा कपाट देऊ केलं. "सामना होऊ दे मास्तर," एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्या कुलपाकडे बघून रोज वाईट वाटायचं.

*

स्टाफमधली पहिली भरती माझी. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून मी निवृत्त झालेलो. मॅडमनी विचारलं, रग्बीचे नियम माहीत आहेत का? मी खरं ते सांगितलं, की नाही. बॉल मागे फेकून पुढे जायचं, हे मला अजूनही पटलेलं नाही.

मग येतं काय, म्हणाल्या.

म्हटलं, पंचवीस पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर उभी करून दाखवतो.

"तुम्ही मॅनेजर," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

*

पुढचा माणूस म्हणजे मारेगावचा राजू. लग्नाच्या शूटिंगमध्ये तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मॅडमना व्हिडिओ अॅनालिस्ट हवा होता, म्हणजे खेळ शूट करून चुका दाखवणारा.

राजूनं सरावाचा पहिला सामना शूट केला आणि आठवड्यानं व्हिडिओ आणला. सुरुवातीला गणपती. मग गुलाबाच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांमधून एकेक खेळाडू हसत पुढे येतो. त्यानंतर नुसतं पळणं, हात उंचावणं आणि टाळ्या. ऐंशी मिनिटांचा खेळ अकरा मिनिटांत!

टॅकल कुठे आहेत, मॅडमनी विचारलं. समोरच्याला धरून पाडायचं म्हणजे टॅकल, आणि आमची पोरं तिथेच कच्ची होती.

"कापले ना मॅडम," राजू अभिमानानं म्हणाला. "मारामारी, पडापडी आमी ठेवतच नाही. पाहुण्याइले वाईट वाटते."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, यापुढे फक्त तेवढंच ठेवायचं. राजूला ते जड गेलं, पण त्यानं केलं. गणपती मात्र काढू दिला नाही.

*

स्वयंपाकाला पुसदकडच्या बंजारा तांड्यावरच्या राठोडबाई आल्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून पोरंही त्यांना याडीच म्हणू लागली. मॅडमनी त्यांना आहाराचा तक्ता दिला. कोणी किती अंडी खायची, किती चिकन, सगळं वारांनुसार मांडलेलं.

शनिवारी सगळ्यात कठीण सराव होता आणि त्याच दिवशी पुढच्या फळीतली तीन पोरं धापकन बसली. चौकशी केली तर तिघांनाही मारुतीचा उपास. सोमवारी आणखी चार जण महादेवाचे निघाले. गुरुवारची यादी वेगळीच.

याडींनी तक्त्याच्या मागे कोळशानं नवा तक्ता काढला, कोणाचा कोणता वार. तो मॅडमसमोर धरून म्हणाल्या, "बुधवारी कोणाचाच देव नाही. बुधवारी घ्या तानून."

तेव्हापासून आमच्या क्लबचा कठीण सराव बुधवारी असतो.

याडींची एकच तक्रार होती. पोरं कपाटातला गूळ पळवत. त्यांनी मॅडमकडे कुलूप मागितलं. मॅडम बॅगेकडे बघत म्हणाल्या, हे एकच आहे, आणि ते मला लागेल.

*

आता स्क्रम. दोन्हीकडची आठ-आठ माणसं खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. आमची आठ माणसं आठ दिशांना रेटायची. मॅडम हैराण.

एक दिवस शामराव जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन आले. साठीचे शेतकरी, बैलजोडी जमवण्यात नावाजलेले. गाडी खाली होईपर्यंत कुंपणाशी बसून त्यांनी सराव पाहिला आणि शेवटी मॅडमना विचारलं, "बाई, हे जोड्या कोनं लावल्या?"

मॅडम म्हणाल्या, मी. वजनाप्रमाणे.

"वजन कायले पाह्यता? चाल पाहा. एक तापट न् एक थंडा जुपला का दोघंही थकतेत."

त्यांनी पोरांना दोन फेऱ्या चालवलं आणि चार जणांच्या जागा बदलल्या. मग जिभेनं एकदा टक् केलं. आठही जण एकदम सरकले आणि समोरची फळी कुंपणाला जाऊन टेकली.

मॅडमनी तिथल्या तिथे त्यांना स्क्रम कोच केलं. शामराव म्हणाले, तूर निघाली की पूर्ण वेळ येतो, तोवर सकाळी येईन.

*

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी शामराव हळद आणि लोणी घेऊन आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद चोळतात आणि जेवणाचं आवतन देतात. वर्षभर ज्या खांद्यानं ओढलं त्याचा तो मान. पोळा होऊन तीन महिने झाले होते. तरी शामरावांनी आठही पोरांना ओळीनं बसवलं, खांदे चोळले आणि प्रत्येकाच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शेवटी मॅडमसमोर आले. थोडे थांबले आणि त्यांच्या शिट्टीला हळदीचं बोट लावलं. "तुमीबी घ्या, बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. दोनच गुणांनी, आणि स्क्रम एक वीतही मागे गेला नाही, पण हरलो. सेठजी तोंड पाडून मॅडमना शोधू लागले. ऑफिसात त्या नव्हत्या. पोरंही नव्हती. मीच त्यांना शामरावांच्या घरी घेऊन गेलो.

अंगणात पंगत बसली होती. याडी पुरणपोळ्या वाढत होत्या. मॅडम पोरांच्या ओळीत मांडी घालून जेवत होत्या. सेठजींना पाहून त्यांनी हात थांबवला. सगळेच थांबले.

"मॅडम, आपलं बोलणं झालतं," सेठजी म्हणाले.

शामरावांनी पाट आणून ठेवला. "सेठजी, तुमाले आवतन नव्हतं. तरी बसा. पण एक सांगतो. ज्या बैलाले आवतन देलं, त्याले आमच्या घरी इकाले बाजार दाखवत नाहीत."

सेठजी पाटापाशी आले. मग चपला काढून बसले. तीन पोळ्या खाल्ल्या, तूप पुन्हा मागून घेतलं, आणि मॅडमनी राहायचं की जायचं ते न सांगताच निघून गेले.

मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी साडेपाचला पोरं उभी केली आणि चहासाठी स्वयंपाकघरात गेलो. याडी चूल पेटवत होत्या. गुळाच्या कपाटाला कुलूप होतं. पितळी.