हात मागे

इंदूताई कोट घालायला लागल्या की खोलीतल्या सगळ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं, असा त्यांच्या घरचा नियम होता. पाहुणा असो, पोटचा मुलगा असो, नाहीतर हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस असो. कुणाचा हात चुकून पुढे आला तर त्या बाही अर्धवट लोंबती ठेवून थांबत आणि म्हणत, "हात मागे." आवाज चढवत नसत. पण तो हात मागे जाईपर्यंत पुढे हलतही नसत.

हा नियम मी त्यांच्या व्हीलचेअरच्या कितीतरी आधी शिकले होते. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मी पॅकेजिंग विभागात लागले, तेव्हा इंदुमती सबनीस तिथल्या प्रमुख होत्या. औषधाच्या बाटल्यांची झाकणं हा त्यांचा विषय. लहान मुलाला उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्या माणसाला उघडता यावं, असं झाकण करणं सोपं नसतं. चाचणीसाठी आसपासचे आजी-आजोबा बोलावलेले असत. माझ्या पहिल्याच चाचणीत एक आजी सांधे सुजलेल्या बोटांनी झाकणाशी झटत होत्या. मला बघवेना. मी पुढे झाले, तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "हात मागे."

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू उघडून दिलंस की आजी खूश, तू खूश आणि झाकण पास. मग घरी गेल्यावर ती काय करणार? मदत केली की डिझाइनची चूक झाकली जाते, मेधा."

मी "सॉरी काकू" म्हणाले.

"ऑफिसात मी कुणाची काकू नाही. इथले सगळे इंदू म्हणतात, तूही म्हण."

इंदू म्हणणं मला जमलं नाही. शेवटी ताईवर तडजोड झाली.

कपड्यांच्या बाबतीत बाई चोखंदळ. मोजकेच कपडे, पण अंगावर बेतलेले. प्रमुख झाल्या तेव्हा त्यांनी पोटरीपर्यंत येणारा डाळिंबी रंगाचा लोकरीचा कोट घेतला होता. जानेवारीत आमच्या पार्किंग लॉटमध्ये सगळे काळे कोट माना खाली घालून चालत, आणि त्यातून हा एक डाळिंबी कोट ताठ येताना दिसे. मी एकदा विचारलं, काळा का नाही घेतलात, कशावरही जातो. त्या म्हणाल्या, "काळं मी संक्रांतीला नेसते. बाकी वर्षभर मला कसलं सुतक आहे?"

त्या निवृत्त झाल्या, पुढे यजमान गेले, आणि मग मणक्याच्या ऑपरेशननंतर पायांनी साथ दिली नाही. व्हीलचेअर आली. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या त्यांच्या घराला रॅम्प झाला, ओटा खाली आला. "हात शाबूत आहेत ना, मग झालं," हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि घरातल्या फडताळांची उंची ठरवायला लागल्या. उन्हाळा चांगला गेला. दर बुधवारी व्हीलचेअरवाल्यांसाठीची काउंटीची व्हॅन दारात येई, इंदूताई ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत जात आणि स्वतः निवडून भाजी आणत. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेणं त्यांना मान्य नव्हतं.

थंडी पडली आणि सगळं थांबलं. कारण एकच, कोट.

मीसुद्धा तोवर कधी विचार केला नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या लांब कोट घातला तर त्याची पाठ ढुंगणाखाली अडकते. ती ओढून सरळ करायला दुसरा माणूस लागतो. पुढून कोट पोटाशी फुगतो, गुडघे उघडे पडतात, कॉलर कानापर्यंत चढते, बाह्या चाकांवरचा चिखल पुसत जातात. व्हॅनचा ड्रायव्हर घरात येत नाही, आणि थोडा वेळ थांबून निघून जातो. पहिला सगळा हिवाळा इंदूताई घरात बसून होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण शाल घेऊन येई. "शाल आजाऱ्याला देतात, नाहीतर सत्काराला," त्या म्हणत. "माझं नक्की काय चाललंय?" शालींची टोकं चाकात अडकायची. त्यांनी त्या घडी करून एकीवर एक ठेवल्या आणि पुढे आलेल्या पाहुण्यांनाच परत वाटून टाकल्या.

मुलगा अमेय दक्षिणेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला असतो. पुढच्या दिवाळीत तो आला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, लेट्स बी प्रॅक्टिकल. आमच्याकडे एवढा विंटरच नाही. खालच्या मजल्यावर तुझी रूम रेडी आहे."

"तुझ्याकडे मी कधीही येईन. पण थंडीला भिऊन येणार नाही."

"मग पाच महिने अशी आत बसणार? तुला काही झालं तर?"

इंदूताई म्हणाल्या, "फेब्रुवारीच्या शेवटी ये. तोवर मी एकटी, कुणाच्या मदतीशिवाय बाहेर पडून दाखवते. नाही जमलं तर सामान बांध. मी एक शब्द बोलणार नाही."

त्यानंतर मी त्यांना दुकानांतून फिरवलं. एका मोठ्या दुकानातल्या मुलीने त्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना कुठला साइज लागेल?" मी उत्तर देण्याआधीच खालून इंदूताई म्हणाल्या, "त्या म्हणतायत, मीडियम." मुलगी वरमली आणि मग मात्र तिने मन लावून कोट दाखवले. एकही बसल्यावर बसत नव्हता. व्हीलचेअरवाल्यांसाठी खास केलेला एक ऑनलाइन मागवला. तो करड्या रंगाचा होता, मानेपासून पावलांपर्यंत पिशवीसारखा. ऊब भरपूर, काम सोपं. इंदूताईंनी तो घालून आरशात पाहिलं. "चांगलं पॅकिंग आहे," त्या म्हणाल्या. "पण मी पार्सल नाही." तो परत गेला. मला तेव्हा वाटलं होतं की दिसण्यासाठी अडून बसायला त्यांच्याकडे वेळ नाही, आणि मी तसं म्हणालेही. "ज्या कोटात मी मला ओळखणार नाही," त्या म्हणाल्या, "तो घालून मी बाहेर पडेन का? कपाटात राहील. म्हणजे नापासच."

डिसेंबर असाच गेला. जानेवारीत आमच्या ओळखीच्या पल्लवीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इकडच्या हळदीकुंकवाची रीत ठरलेली. बूट गराजमध्ये, कोट वरच्या बेडरूममधल्या पलंगावर, आणि निघताना त्या काळ्या ढिगातून आपला कोणता हे हुडकण्यात अर्धा तास. मी इंदूताईंना नेलं होतं. हॉलमध्ये सगळ्या काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने. त्यांनी हातातला तिळगूळ संपवला आणि मला म्हणाल्या, "मेधा, वरचा ढीग खाली आण."

"सगळा?"

"एवढी व्हरायटी कुठल्या दुकानात मिळेल?"

मी आणि पल्लवीने तीन खेपांत कोट आणून सोफ्यावर टाकले. इंदूताई एकेक घालून बघायला लागल्या. हळूहळू बायकांनाही चेव चढला.

"काकू, माझा बघा ना, सुपर वॉर्म आहे."

"वॉर्म सगळेच आहेत गं. बसल्यावर काय करतो ते बघायचंय."

"तिचा नका घालू काकू, तो तिच्या नवऱ्याचा आहे."

"मग बरा असेल, खिसे तरी असतील."

पाच-सहा झाल्यावर त्या थांबल्या. "आता असं करा. सगळ्या आपापले कोट घाला आणि बसा."

नटूनथटून आलेल्या त्या बायका काळ्या साड्यांवर कोट चढवून खुर्च्यांवर, सोफ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. सगळ्यांचे कोट पोटाशी फुगले. सगळ्यांच्या कॉलरी वर चढल्या. खिसे मांडीखाली गेले.

"बघा," इंदूताई म्हणाल्या. "तुम्हालाही होत नाहीत. तुम्ही उठून उभ्या राहता म्हणून कळत नाही. यांनी उभ्या बाईचं माप घेतलंय. आधी माल मोजा, मग खोकं करा, हे मी यांना शिकवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेप घेऊन बोलावलं आणि स्वतःची बसलेली मापं घेतली. मग कपाटातून तो डाळिंबी कोट काढला आणि कात्री मागितली. मी म्हणाले, "ताई, हा नको. दुसरा घेऊ." त्यांनी कात्री चालवली. पाठ कमरेच्या खाली सरळ आडवी कापली. निघालेल्या कापडातून पुढचे दोन पदर रुंद केले, गुडघ्यांवरून खाली पोचतील असे. बाह्या मनगटाशी निमुळत्या केल्या. शिवणयंत्राचं पॅडल टेबलावर ठेवलं होतं आणि ते हाताने दाबायचं काम माझं होतं. "चालू. बंद. चालू म्हटलं ना, झोपलीस का?" त्या दोन दिवसांत तेवढे माझे हात त्यांना पुढे चालले.

कोट देखणा झाला होता. मोठी लाकडी बटणं लावली होती. पुढच्या बुधवारी त्यांचा फोन आला. "व्हॅन गेली," त्या म्हणाल्या. हातमोजे घातल्यावर बटणं काजांतून जाईनात. "आयुष्यभर पोरांना उघडू नयेत अशी झाकणं केली. आज स्वतःलाच चाइल्डप्रूफ करून बसले."

फेब्रुवारी लागला होता.

बटणं उसवली, झिप लावली. पण झिपची चिमुकली जीभ मोज्याच्या चिमटीत येईना, म्हणून तिला पडद्याची प्लॅस्टिकची कडी अडकवली. ती थंडीत तडकली. मग त्यांनी कुठूनतरी अमेयच्या बाळपणीचा चांदीचा वाळा काढला. त्यातून मोज्यासकट बोट आरामात जात होतं. मी जरा हळवं काहीतरी बोलले असेन, कारण त्या म्हणाल्या, "चांदी तडकत नाही म्हणून लावलाय."

अमेय ठरल्याप्रमाणे आला. बुधवारी सकाळी बर्फ भुरभुरत होतं. मी मुद्दाम गेले होते. तो दारापाशी उभा होता, चेहरा उतरलेला. जिंकायला आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. व्हॅन आली. इंदूताईंनी कोट मांडीवर पसरला, अस्तर वर, कॉलर पोटाकडे. दोन्ही हात बाह्यांत घातले आणि कोट डोक्यावरून मागे टाकला. पाठ खाली न अडकता अलगद उतरली, पण डावी बाही स्वेटरवर अडकली. खांदा अर्धाच आत गेला. अमेयचा हात पुढे आला.

"हात मागे."

"आई, व्हॅन जाईल."

"जाऊ दे. माझ्यामुळे जाईल."

बाहेर हॉर्न वाजला. अमेयने हात मागे घेतले. मागे त्याने एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं होतं, ते मला दिसत होतं. इंदूताईंनी हात पूर्ण बाहेर काढला, स्वेटरची बाही मुठीत धरली आणि परत घातला. या वेळी गेला. मग मोजे, मग वाळ्यात बोट. झिप एका दमात वर गेली. वाळ्याचं एक घुंगरू अजून शाबूत होतं, ते वाजलं.

"हा माझा ना?" अमेय म्हणाला.

"होता. आता कामाला लागलाय."

त्या रॅम्पवरून उतरल्या. पांढऱ्या अंगणातून डाळिंबी कोट ताठ चालला होता. चालला होता असंच मला दिसलं. दुपारी त्या परत आल्या आणि भेंडीची पिशवी अमेयच्या मांडीवर टाकली. "चीर," म्हणाल्या. त्याने मुकाट्याने चिरली. रविवारी मी त्याला विमानतळावर सोडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आईचंही तिकीट काढलं होतं. कॅन्सल केलं."

त्यानंतर त्यांनी आणखी काही हिवाळे त्या कोटात काढले, आणि एका जुलैत आपल्याच घरात गेल्या. कपाट आवरताना अमेयने कोट हँगरसकट वर धरला. मागून अर्धा, पुढून दीड. उभ्या माणसाच्या हातात तो कोट फसलेला वाटतो.

"मावशी, हा डोनेट केला तर कुणी घेईल?"

"वाळा हवा असेल तर काढून घे," मी म्हणाले.

त्याने तो बोटात धरला. मग म्हणाला, "नको. झिप कशी ओढणार मग?"

ज्या केंद्रात इंदूताई व्हीलचेअर चालवायला शिकल्या, तिथे मी चौकशी केली. एक शाळेतली शिक्षिका निघाली, अपघातानंतर नुकतीच खुर्चीत आलेली, साधारण त्याच चणीची. गेल्या नोव्हेंबरात मी तिच्या घरी कोट घेऊन गेले. मांडीवर कसा पसरायचा ते सांगितलं आणि बाजूला झाले. तिने तो डोक्यावरून मागे टाकला. डावी बाही अडकली. तिचा नवरा धावत पुढे आला.

"हात मागे," मी म्हणाले, आणि ते मराठीत म्हणाले हे नंतर लक्षात आलं. त्याला शब्द कळणं शक्य नव्हतं. पण मी कशी उभी आहे ते त्याने पाहिलं, आणि तसाच उभा राहिला.

बाही सोडवायला तिला वेळ लागला. मग घुंगरू वाजलं.